कलाबाईच्या हातचं रोप

मखमलाबादच्या शिवारात कुणालाही विचारा, लावणीचं पहिलं रोप कुणाच्या हातानं टाकायचं, तर एकच नाव निघेल. कलाबाई. वांगी असोत, फ्लॉवर असो की शेवंती, कलाबाईनं सरीच्या तोंडाशी बसून पहिलं रोप मातीत दाबलं की घरधनी निर्धास्त व्हायचा. "कलाबाईच्या हातचं रोप मरत नाय," असं बाया म्हणायच्या, आणि कलाबाई ते ऐकून घ्यायची. हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. पदरानं कपाळ पुसायची आणि पुढचं रोप उचलायची. वय वर्षं छप्पन्न, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

आता खरं सांगायचं तर रोप सगळ्यांच्याच हातचं मरतं. उन्हानं मरतं, किडीनं मरतं, मुळी दुमडली म्हणून मरतं. शंभरात पाच-सात जाणारच. मेलेल्या रोपाच्या रिकाम्या जागेला आपल्याकडे नांगी म्हणतात, आणि शहाणा शेतकरी उरलेली रोपं लावून नांग्या भरून घेतो. त्यात काही नवल नाही. नवल हे, की कलाबाई दुसऱ्यांच्या वावरातल्या नांग्याही भरायची, आणि तेही कुणाला कळू न देता. लावणीनंतर पाचव्या दिवशी तांबडं फुटता फुटता ही बाई खुरपं घेऊन ज्याची लावण केली त्याच्या बांधावर हजर. मेलेलं उपटायचं, वाफ्यात उरलेल्यातलं धडधाकट रोप तिथं दाबायचं, ओंजळभर पाणी घालायचं, आणि लोक उठायच्या आत घरी येऊन चुलीवर चहा ठेवायचा. तीस वर्षं हे असं चाललेलं. माहीत होतं ते फक्त नवऱ्याला, चिमाजीला, आणि तो गृहस्थ दिवसाला दहा शब्द बोलला तरी खूप. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही.

दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढं एका संस्थेचं चारा-संशोधन केंद्र आहे. बारा एकर जमीन, दोन खोल्यांची प्रयोगशाळा, एक शेडनेट, बाकी सगळं गवत. आठ वर्षांपूर्वी तिथं बायांची टोळी हवी होती म्हणून कलाबाईला बोलावणं आलं. पहिल्याच दिवशी तिनं तिथल्या मोठ्या साहेबांना विचारलं, "गवत लावायला माणसं ठेवता? आम्ही जल्मभर गवत उपटायला ठेवली." हे मोठे साहेब म्हणजे वेणीमाधव सर, केंद्राचे प्रमुख. ते मोजकंच हसले, आणि सहा महिन्यांत त्यांनी कलाबाईला टोळीची मुकादम केलं.

मृण्मयी तिथं आली चार वर्षांपूर्वी. पंचवटीतली पोर, उपाध्यांच्या घरातली. काका रामकुंडावर यजमानांची कामं करतात, वडील बँकेत, आणि ही शिकली डीएनएचं. कलाबाईनं पहिल्या दिवशी तिच्या हातांकडे बघितलं आणि रबरी मोजे काढायला लावले. "मोजे घालून तुला काय कळणार, रोप धरलंय का चिरडलंय?" पोरीनं निमूट मोजे काढले. तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच. चारचौघांत कलाबाई तिला 'मॅडम' म्हणायची, एरवी 'पोरी'. मृण्मयी सदासर्वकाळ 'मावशी'.

मृण्मयीचं काम गिनी गवतावर. हे गवत मोठं इरसाल आहे. त्यात दोन तऱ्हेची झाडं असतात. एका तऱ्हेला बी धरायला बाप लागतच नाही. तिचं बी पेरलं की आईची हुबेहूब नक्कल उगवते. लेकी, नाती, पणत्या सगळ्या एका साच्यातल्या. दुसरी तऱ्हा रीतसर संसार करणारी. तिच्या लेकरांत कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी रुंद पानाचं, कुणी केसाळ. नवं वाण काढायचं तर दोन्ही लागतात. संकर करायला संसारी झाड हवं, आणि शेतकऱ्याच्या हाती दरवर्षी तेच बी पडावं म्हणून नकलेचं झाड हवं. गोची इतकीच, की रोपपणी दोन्ही दिसतात सारखीच. ओळखायचं तर रोप मोठं करा, बी धरा, ते पेरा, लेकी वाढू द्या, आणि मग बघा एकसारख्या आहेत की सरमिसळ. दीड-दोन वर्षं त्यातच जातात. आणि चांदवडच्या माळावर एप्रिलातही हिरवं राहील असं एखादं गवत सापडायला अशी हजारो रोपं चाळावी लागतात. माणसाचा जन्म पुरायचा नाही.

म्हणून मृण्मयीला खूण हवी होती. डीएनएतली अशी एक खूण, जी नकलेच्या झाडात असते आणि संसारी झाडात नसते. रोप चार पानांचं झालं की पानाचा टिकलीएवढा तुकडा घ्यायचा, यंत्रात घालायचा, दोन दिवसांत उत्तर. कलाबाईला हे काही केल्या खरं वाटेना. "नुसत्या पानाच्या तुकड्यावरून?"

मृण्मयीनं घरचंच उदाहरण दिलं. "मावशी, काकांकडे वंशावळीच्या वह्या आहेत बघा. कुठून कुठून माणूस कुंडावर येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि काका वही उघडून त्याच्या खापरपणजोबाचं नाव वाचून दाखवतात. माणसाच्या तोंडाकडे बघून ते कळतं का? नाही. वहीत लिहिलेलं असतं. प्रत्येक झाडाजवळ तशी वही आहे. मला फक्त त्यातली नेमकी ओळ शोधायचीय."

हे मात्र कलाबाईला पटलं. आणि पोरीनं ती ओळ शोधलीही. दोन वर्षं लागली, डोळ्यांखाली काळं आलं, घरचे लग्नाचं विचारून थकले, पण खूण मिळाली. आता ती खरी आहे हे वावरात सिद्ध करायचं होतं.

परवाच्या वर्षी जुलैत त्याची लावण झाली. एका संसारी आईचं आणि एका नकलेच्या बापाचं बी शेडनेटमध्ये रुजवलं होतं. नकलेच्या झाडालाही पराग असतात, तेव्हा बाप ते होऊ शकतं, आणि लेकरं निघतात निम्मी आईच्या तऱ्हेची, निम्मी बापाच्या. त्यातल्या एकशे साठ रोपांच्या पानांचे तुकडे मृण्मयीनं ट्रेमध्येच घेतले, प्रत्येकाला नंबर दिला, टॅग लावला. मग रोपं वावरात. आठ सऱ्या, सरीला वीस. कुठला नंबर कुठं बसणार हे तिनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, म्हणजे जमिनीच्या बऱ्यावाईटाचा फायदा कुणा एकाला मिळायला नको. एक नंबरशेजारी एकशे अठरा आणि त्याच्याशेजारी त्रेचाळीस बघून कलाबाई म्हणाली, "ही लावण हाय का हाऊजी?" पण लावली झकास. दोरीत, एका खोलीवर, एकाही मुळीला दुमड नाही. मृण्मयी दुसऱ्या दिवशी आठवडाभराच्या प्रशिक्षणाला हैदराबादला गेली.

ती गेली आणि ओढ्याकडच्या सखल कोपऱ्यात ठिबकच्या नळ्यांची बुचं निघाली. शनिवार-रविवार तिकडं कुणी फिरकलं नाही. दोन दिवस पाणी साचून राहिलं, आणि शेवटच्या तीन सऱ्यांची टोकाची नऊ-नऊ रोपं कुजून बसली. सत्तावीस.

पाचव्या दिवशी पहाटे कलाबाई खुरपं घेऊन तिथं आली, जशी ती कुठंही आली असती. शेडनेटमधल्या ट्रेत चाळीसेक रोपं उरलेली होती. त्याच आईची, त्याच बापाची, सख्खी भावंडं. तिनं सत्तावीस मेलेली उपटली, सत्तावीस जिवंत लावली. टॅगच्या काठ्या जिथल्या तिथं, हललीसुद्धा नाही एक. सूर्य वर आला तेव्हा वावर भरल्या ताटासारखं दिसत होतं आणि कलाबाई घरी भाकरी थापत होती. मॅडमच्या कामात आपण काही ढवळाढवळ केली असं तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. वावरात नांगी ठेवायची नसते, एवढं तिला कळत होतं, आणि ते तिला अगदी पक्कं कळत होतं.

मृण्मयी परत आली आणि वावर बघून तिचा विश्वास बसेना. "एकही मेलं नाही, मावशी?"

"माझ्या हातचं मरत नाय," कलाबाई म्हणाली. तीस वर्षं लोक हे वाक्य बोलायचे. स्वतःच्या तोंडानं ती ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलली, आणि तिला फार बरं वाटलं.

पुढं सगळं यथासांग झालं. झाडं वाढली, बी धरलं. प्रत्येक झाडाचं बी कलाबाईच्या टोळीनं वेगळ्या पिशवीत झाडून घेतलं, दुसऱ्या वर्षी शेजारच्या तुकड्यात पेरलं, एकेका आईच्या पंधरा-पंधरा लेकी वाढवल्या. डिसेंबरात निवाडा करायला उभी राहिली ती कलाबाईच, कारण अख्ख्या केंद्रात तिच्याइतका डोळा कुणाचा नव्हता. ती ओळीतून चालायची आणि बोलायची, "एकसारख्या. एकसारख्या. सरमिसळ. ही एकसारखीच हाय, कडंचीला सावली लागलीय म्हणून बुटकी दिसती." मृण्मयी मागून लिहून घ्यायची. खुणेनं काय सांगितलंय हे कलाबाईला माहीत नव्हतं. तसं ते माहीत नसणंच गरजेचं होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी वेणीमाधव सरांच्या खोलीत दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. एकशे साठातले एकशे सत्तेचाळीस जुळत होते. तेरा जुळत नव्हते. खूण म्हणत होती नकलेचं झाड, आणि लेकी निघाल्या होत्या सरमिसळ. नाही तर त्याच्या उलट.

सरांनी कागद दोनदा वाचले. दोन वर्षांवर निवृत्ती आलेला माणूस, कुणावर आवाज चढवणारा नव्हे, पण खोटं खपवून घेणाराही नव्हे. "मृण्मयी, एखाददुसरी चूक मी समजू शकतो. शंभरात आठ म्हणजे खूण भलत्या जागेवर बसली आहे. हिच्या भरवशावर मी पुढच्या वर्षी चार हजार रोपं चाळू शकत नाही." मग त्यांनी न्याय म्हणून विचारलं, "लावणीत गडबड झाली असेल का?" आणि कलाबाईला आत बोलावलं.

कलाबाईनं पदर खोचला. "साहेब, माझ्या वावरात एक रोप इकडचं तिकडं झालेलं नाय. मशीन चुकलं आसंल. वावर चुकलेलं नाय."

हे ती छातीठोक बोलली आणि मनापासून बोलली. नांग्या भरणं तिच्या लेखी हात धुण्याइतकं रोजचं. ते 'इकडचं तिकडं' होतं हे तिला सुचणार कुठून? सरांनी मान डोलावली. कलाबाईचा शब्द म्हटल्यावर पुढं बोलायचं कारणच उरलं नाही. कुठला नंबर कुठं लावला त्याचा नकाशा फायलीत होता, तो कुणी उघडलासुद्धा नाही, कारण वावराबद्दल कुणाला शंकाच नव्हती. खुणेचं काम थांबवायचं, सोमवारी सकाळी आठला रोटाव्हेटर घालून तो तुकडा मोडायचा, तिथं नेपियर गवत लावायचं, आणि मृण्मयीनं मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा मुरवून साठवण्याच्या कामात जायचं, असं ठरलं.

"बरोबर आहे सर," मृण्मयी म्हणाली. बाहेर येऊन ती नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली. कलाबाईला तिची फार दया आली. पण चुकलं तर चुकलं, यंत्राचं काय खरं धरायचं, असंच तिला वाटत होतं.

दुपारी मृण्मयी तिच्याजवळ आली, हातात कागद. "मावशी, मोडायच्या आधी ही तेरा झाडं मला हवीत. एकेक ठोंब काढून पिशवीत लावून द्याल? मला बघायचंय मी कुठं चुकले."

कलाबाई सातवी शिकलेली, नंबर वाचायला तिला कुणाची गरज नव्हती. तिनं कागद घेतला, तुरीच्या काड्यांची जुडी घेतली आणि वावरात शिरली. नंबर सापडला की त्या झाडाशी एक काडी रोवायची, म्हणजे मग सगळी एकदम खणता येतात. त्रेचाळीस. एकशे दोन. सात. एकशे एकोणसाठ. कागदावर नंबर वेडेवाकडे होते, पण पाय पुन्हा पुन्हा ओढ्याकडंच वळायला लागले. पाचवी काडी रोवताना तिच्या ते ध्यानात आलं. आठवी रोवताना तिनं नंबर दोनदा ताडून पाहिला. तेराव्या काडीनंतर ती बांधावर जाऊन उभी राहिली आणि बघितलं. एक काडी वरच्या अंगाला, दुसऱ्या सरीत एकटीच उभी होती. बाकी बारा ओढ्याकडच्या सखल कोपऱ्यात, शेवटच्या तीन सऱ्यांच्या टोकाला.

ती खाली बसली. सत्तावीस भरल्या होत्या. त्यातल्या निम्म्याअर्ध्या नशिबानं जुळल्या, बारा जुळल्या नाहीत. पान घेतलं होतं मेलेल्या रोपाचं आणि बी झाडलं होतं दुसऱ्याच रोपाचं. वंशावळीच्या वहीत गेलेल्या माणसाच्या नावापुढं भलत्याचीच पोरंबाळं लिहून ठेवावीत, तसा प्रकार तिनं स्वतःच्या हातानं केला होता. खूण खरी होती. पोरगी खरी होती. खोटं होतं ते कलाबाईचं वावर.

"झालं का मावशी?" लांबून मृण्मयीनं विचारलं.

"झालं," कलाबाई म्हणाली. तेरा ठोंब काढले, पिशव्यांत लावले, काड्या उपटून घेतल्या आणि ती घरी गेली. 

रविवारी सकाळी गणेशवाडीच्या फूलबाजारासाठी शेवंती तोडायची होती. दोन ओळींतून नवराबायको तोडत चालली होती. कलाबाईनं सगळं सांगितलं. चिमाजी ऐकत होता आणि फुलं पाटीत टाकत होता.

"सांगावं तर लागंल," ती म्हणाली. "पण सांगितलं म्हणजे टोळीतल्या बाया आईकनार. टोळीनं आईकलं म्हणजे गावानं. एकदा का कळलं का कलाबाईच्या हातची सत्तावीस मेली, का मग मागचं सगळं उकरून निघंल. कुनाच्या वावरात किती मेली, कोन भरून गेलं. तीस वरसं लोकांनी मला देवीवानी पयलं रोप लावायला बोलावलं. मी त्यांना फशिवलं आसंच म्हनतील ना? कोन बोलवील मंग?"

चिमाजी पुढच्या झाडावर वाकला.

"आन् नाय सांगितलं, तर ती पोरगी जल्मभर म्हनंल का मीच चुकले." कलाबाईनं एक फूल तोडलं ते कळ्यांसकट आलं. असं तिच्या हातून होत नसे. "आवो, काय तरी बोला."

चिमाजीनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. "रोटाव्हेटर किती वाजता हाय?"

"आठला."

"साडेसातला सोडतो तुला," तो म्हणाला, आणि निघून गेला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तेवढ्यावर कलाबाईला सगळं कळलं. तिला त्याचा रागही आला आणि जीवही हलका झाला.

सोमवारी साडेसातला ती फाटकाशी उतरली. ट्रॅक्टरवाला यंत्र जोडत होता. "जा, च्या पिऊन ये," कलाबाईनं सांगितलं. त्यानं साहेबांचा हुकूम सांगितला. "साहेबांना मी बघते, तू च्या पी," म्हणून तिनं त्याला पिटाळलं आणि बांधावर पाय सोडून बसली. रात्रभराची घालमेल संपली होती. आता तिला कुणाची भीती वाटत नव्हती.

सर आले, मागून मृण्मयी आली, टोळीतल्या बाया खुरपी घेऊन जमल्या. कलाबाई उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "साहेब, शनवारी मी सांगितलं वावर चुकलेलं नाय. ते खोटं निघालं. ओढ्याकडच्या तीन सऱ्या, टोकाची नऊ-नऊ, अशी सत्तावीस रोपं लावणीनंतर मेली. मी पाचव्या दिवशी ट्रेमधल्या रोपांनी नांग्या भरल्या. टॅग जुनेच राहिले. मॅडमची तेरातली बारा झाडं त्याच कोपऱ्यात हायेत, मी काड्या रोवून बघितल्या."

एका बाईनं तोंडावर पदर धरला. सरांनी खोलीतून फाइल आणायला माणूस पाठवला, नकाशा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पसरला, आणि बोटानं एकेक नंबर शोधायला लागले. बारा नंबर एकाच कोपऱ्यात निघाले.

मृण्मयी मात्र नकाशा बघत नव्हती. ती कलाबाईकडे बघत होती. "दीड वर्ष, मावशी," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला. एकही मेलं नाही का, म्हणून विचारलं होतं. परवा मी सरांपुढं मान खाली घालून उभी राहिले. मला तुमचा इतका राग आलाय की..."

"येऊ दे," कलाबाई म्हणाली. "यायलाच पायजे. मी तुझ्या जागी आसते तर खुरपं फेकून मारलं आसतं. रोपं सगळ्यांच्या हातची मरत्यात पोरी, माझ्याबी मरत्यात. मी ते लपवून ठिवते, आजवर तेवढंच करत आले. आता राग नंतर कर. आधी पानं घे. झाडं आजून उभी हायेत."

चारचौघांत ती तिला 'पोरी' म्हणाली होती, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. मृण्मयीनं डोळे पुसले, कात्री मागवली, आणि वाकली. कलाबाई पुढं जाऊन एकेक झाड दाखवत गेली. सत्तावीस पानं, सत्तावीस पाकिटं, प्रत्येकावर नवा नंबर. दुसऱ्या सरीतलं ते एकटं झाडसुद्धा मृण्मयीनं सोडलं नाही, त्याचंही पान पुन्हा घेतलं. सरांनी ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवलं.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. सत्तावीसच्या सत्तावीस झाडांची खूण त्यांच्या लेकींशी जुळत होती. दुसऱ्या सरीतलं ते एकुलतं एक झाड तेवढं अजूनही अडून बसलं होतं. एकशे साठात एकशे एकोणसाठ.

"आणि हे एक?" सरांनी विचारलं.

"ते खरंच चुकतंय सर," मृण्मयी म्हणाली, आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "खूण आणि तो गुण अगदी शेजारी आहेत, पण चिकटलेले नाहीत. शंभर-दोनशेत एखाद्या वेळी फारकत होणारच."

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या वर्षीची चार हजार रोपं या खुणेनं चाळायची असं त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. मग अहवालात त्या सत्तावीस रोपांबद्दल काय लिहायचं यावर ते थांबले. कलाबाईचं नाव त्यांना कागदावर आणायचं नव्हतं. "लागवडीच्या वेळी काही तांत्रिक अडचण..." असं ते लिहायला लागले.

"तांत्रिक कशाला?" दारातून कलाबाई म्हणाली. "नांग्या भरल्या लिवा. कलाबाईनं भरल्या लिवा. उद्या कुनी वाचलं तर त्याला कळंल तरी, लावणीवाल्या बाईला आधी काय विचारायचं ते." सरांनी तसंच लिहिलं.

गावात बातमी कलाबाईच्या आधी पोचली होती, टोळीतल्याच बाया त्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं. कलाबाईनं कुणाला काही विचारलं नाही, पण आठवडा गेला, दुसरा गेला, आणि लावणीचं एकही बोलावणं आलं नाही. वरच्या आळीत कुणीतरी मिरची लावल्याचं तिला मागाहून कळलं. तिनं दाखवलं नाही, तरी ते तिला लागलं. रात्री जेवण जाईना. पोरीचं भलं झालं याचं समाधान होतं, ते खोटं नव्हतं, पण आपण आता कुणाच्या वावरात पहिलं रोप लावणार नाही, हेही तिनं मनाशी धरलं आणि त्याचं तिला फार वाईट वाटत राहिलं.

तिसऱ्या सोमवारी सकाळी ओढ्यापलीकडची भागीबाई अंगणात येऊन उभी राहिली. कलाबाईच्याच वयाची, थोडी जाड, आवाज मात्र चार वावरं ओलांडून जाणारा. "बुधवारी वांग्याची लावण हाय. पयलं रोप टाकायला येतीस ना?"

कलाबाई भांडी घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "तू आईकलं नाय का? माझ्या हातची मरत्यात."

"आईकलं."

"मंग?"

"मंग काय? आमच्या वावरात वीस वरसं मरत्यात. मला काय डोळे नायत?" भागीबाई ओट्यावर टेकली. "आगं, पाचव्या दिवशी मी मुद्दाम दार उघडत नाय, उन्हं येईस्तोर. कुत्र्याला आदल्या राती गोठ्यात बांधते, तुझ्यावर भुंकायला नको म्हणून. वाफ्याच्या कडंला शंभरेक रोपं राखते, ती काय आरास करायला?"

कलाबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आनखी कुनाला ठावं हाय?"

"आख्ख्या शिवाराला. तुला वाटलं तुलाच ठावं हाय." भागीबाईनं तिच्याकडे जरा रागानंच बघितलं. "वरच्या आळीवाल्यांनी तुला बोलावलं नाय ते या लाजंपायी. आता तुझं उघडं पडलं, तर आमचंबी पडलं ना, आम्ही इतकी वरसं गुमान नांग्या भरून घेतल्या ते. पयलं रोप काय गं, कुनीबी लावतं. मेलेल्याच्या जागी परत कोन येतं?"

कलाबाईला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही, राखेच्या हातांनीच डोळे पुसले, तोंडभर राख झाली. भागीबाईनं पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. मग कलाबाईनं पातेलं विसळून पालथं घातलं आणि विचारलं, "वाफ्यात रोपं किती हायेत?"